पुलावर कदम मोडून

सगळ्यात आधी माफी मागतो. पुलाबद्दल लिहायचं तर तो कधी बांधला एवढं तरी लिहिणाऱ्याला माहीत असावं. मला ते शेवटपर्यंत कळलेलं नाही. दुसरी माफी माझ्या मराठीची. शाळा हिंदीतून झाली, कॉलेजही हिंदीतूनच चालू आहे. मराठी मला घरात, जेवता-जेवता मिळाली. बोलायला ती पुरते, लिहायला पुरेल की नाही याची अजून खात्री नाही. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे लिहिण्याचं काही निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. विजेच्या बिलाची तक्रार असो, विहारातल्या कार्यक्रमाचा फलक असो, कोणाची लग्नपत्रिका असो. पुलाचा इतिहासही असाच माझ्या गळ्यात पडला. लिहिताना मला मध्येच हसू येतं आणि पेन थांबतं, त्यालाही माझा इलाज नाही.

आमची वस्ती जबलपूरहून पाटनकडे जाताना, नदीच्या अलीकडे आहे. तिथे जुना लोखंडी पूल होता. त्याचे खांबा-खांबांमधले दोन गाळे मोठे होते आणि आमच्या बाजूचा एक छोटा, जणू मोजमाप चुकलं म्हणून मागाहून जोडलेला. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण, त्रिकोणाला लागून त्रिकोण, आणि त्यांच्यामधून दिसणारं नदीचं पाणी. शाळेत भूमिती सुरू झाली तेव्हा मला वाटलं, पुस्तकातले त्रिकोण कोणीतरी आमच्या पुलावरूनच उतरवून घेतलेत.

आमचे आजोबा-पणजोबा भंडाऱ्याकडून या पुलाच्या कामावर आले. जुना रंग खरवडायचा, नवा द्यायचा, ढिले झालेले रिव्हेट ठोकायचे. एका टोकापर्यंत रंग देऊन होईस्तोवर दुसऱ्या टोकाला गंज चढलेला असायचा, त्यामुळे काम कधी संपलंच नाही आणि माणसंही परत गेली नाहीत. कामावरच्या झोपड्यांची घरं झाली. पुढे शेजारी सिमेंटचा नवा पूल आला. जुन्या पुलावरून गाड्या बंद झाल्या. उरली माणसं, बकऱ्या आणि आमच्या बराती.

बरातीचं सांगायलाच हवं. पुलाच्या तोंडाशी एक लोखंडी पाटी होती. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की पलटणीने पुलावरून जाताना कदमताल मोडून चालावं. पुष्कळ पाय एकदम पडले तर पूल डोलायला लागतो, म्हणून फौजेसाठी अशी सूचना असते, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आमच्या आजोबांच्या पिढीला इंग्रजी येत नव्हतं. त्यांना कोण्या मिस्त्रीने एवढंच सांगितलं होतं, "यहाँ कदम तोड़ के चलना है." आता आमच्याकडे पलटण कधी फिरकायची नाही. घोळक्याने, वाजतगाजत, पाय आपटत पुलावर येणारी एकच गोष्ट होती, बरात. तेव्हा त्यांनी ती पाटी बरातीला लावली.

झालं. तेव्हापासून वस्तीचा रिवाज पडला. बरात पुलाच्या पलीकडच्या टोकाला आली की धुमाल बंद. ते गाडीवरचे ढोल, बँजो आणि भोंगे गप्प झाले की एकदम नदी ऐकू येते. मग नवरदेवाकडच्या सगळ्यांनी पायी, कदम मोडून पूल पार करायचा. अलीकडच्या टोकाला नवरीकडचे उभे राहतात आणि टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवून त्यांना एका पावलावर आणायचं, हाच त्यांचा उद्योग. सगळी बरात एका ठेक्यात चालताना सापडली की लाल झेंडी, आणि बरात परत पलीकडे. कोणाला हे सोपं वाटत असेल तर त्याने समोर कोणी टाळ्या वाजवत असताना मुद्दाम वाकडं चालून बघावं. पाय आपले राहतच नाहीत.

आत्याच्या लग्नात बरात इतक्यांदा परत गेली की बरातीतली म्हातारी माणसं पुलावरच बसून पान खायला लागली. शेवटी आत्या मांडवातून ओरडली, "पुरे करा न बापा, मले लग्न करायचं आहे!" आमची आई तर भंडाऱ्याहून रेल्वेने आली. तिच्या वाटेत पूल लागतच नव्हता. तरी तिला स्टेशनवरून आणून, पुलावर नेऊन, पलीकडे टेकवून परत आणलं होतं. "उगाचच," असं आई अजून म्हणते, आणि म्हणताना हसते.

झेंडी मोठेबाबांच्या हातात असते. मोठेबाबा म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. पुलाच्या कामावरून ते रिटायर झाले, पण लाल आणि हिरवी झेंडी घरी घेऊन आले. ही पाटी फौजेसाठी आहे, बरातीने पूल हलत नाही, असं मी त्यांना एकदा घाबरत-घाबरत सांगितलं होतं.

"काहून? बरात काय पलटनीपेक्षा कमी असते?" ते म्हणाले. "तू बरातीत जेवला आहेस न? मग?"

याला कॉलेजात उत्तर शिकवत नाहीत.

आता ताई. माझी मोठी बहीण सिविल लाइंसमधल्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिथे ती मऊ आवाजात बोलते म्हणे. वस्तीत तिच्यासारख्या टाळ्या कोणाला वाजवता आल्या नाहीत. बाकीचे सुरुवातीपासून ठेका धरायचे, त्यामुळे बरातवाले सावध व्हायचे. ताई आधी त्यांच्यासारखीच वेडीवाकडी वाजवायची, जणू बिचाऱ्यांना मदतच करते आहे. मग हळूच एकेक टाळी सरळ करत न्यायची. समोरच्या माणसाला कळायच्या आत त्याचा डावा पाय शेजाऱ्याच्या डाव्या पायाबरोबर पडलेला असायचा. पाटनकडच्या कित्येक घरांत ताईचं नाव काढलं तर अजून लोक पाय चोळतात.

त्यामुळे तिला बघायला पाटनपलीकडच्या गावातला मुलगा आला तेव्हा आम्हाला जरा नवलच वाटलं. त्याचं पाटनला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. तो आला तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात, आणि पोटऱ्यांना चिखल.

"पाऊस तर नाही पडला न भाऊ?" आईने विचारलं.

"नाही जी. गावाजवळ नाला आहे, त्याच्यावर पूल नाही. आम्ही असेच येत असतो. मंगनी असो का मय्यत."

आतल्या खोलीत ताई तोंडावर ओढणी धरून हसत होती. बाहेर आली तेव्हा तिने त्याला एकच प्रश्न विचारला, "तुम्हाले वाकडं चालता येते का?"

तो गोंधळला. मग छाती काढून म्हणाला, "नाही जी. मी एकदम सरळ माणूस आहे."

लग्न ठरलं. आणि तारीख धरल्यावर थोड्याच दिवसांत पुलाच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसलं, फाटकाला कुलूप लागलं, वर फलक लागला: पूल जीर्ण झाला आहे, जाणे-येणे बंद, लवकरच कापून काढण्यात येईल.

त्या संध्याकाळी ताई म्हणाली, "मले फ्रिज नको. सोफा नको. लग्नाचा हॉलबी नको. माझी बरात फक्त जुन्या पुलावरून आली पाहिजे. इतक्या लोकांच्या बराती मी परत पाठवल्या, अन् माझीच येणार नाही?" बोलताना तिचा आवाज दवाखान्यातल्यासारखा मऊ झाला होता, म्हणून आम्ही घाबरलो.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी ताईच्या मागे स्कूटीवर बसून सिविल लाइंसमधल्या, फलकावर नाव होतं त्या कार्यालयात गेलो. ती दवाखान्यात निघून गेली, मी एकटा आत. पुलाचं काम बघणाऱ्या इंजिनीअर मॅडम वयाने ताईएवढ्याच असतील. मी उभा राहून घरून घोकून आणलेलं वाक्य सुरू केलं आणि ते मध्येच संपलं.

"मैडम जी, वो ताला... एक दिन के लिए... बारात..."

"बैठो पहले," त्या म्हणाल्या. "कौन सी बारात, कौन सा ताला?"

मी सगळं सांगितलं. पाटी, पलटण, टाळ्या, झेंडी, आणि मी कॉलेजात इतिहास शिकतो तेही. त्या ऐकत होत्या, मग त्यांनी पेन खाली ठेवलं, मग शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना हाक मारली, "सर, ये सुनिए ज़रा." मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. साहेब म्हणाले, "ऐसे कैसे चलते हैं? चल के दिखाओ." मी व्हरांड्यात वाकडं चालून दाखवलं. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या भैयांनी किटली खाली ठेवली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दोन-चार टाळ्यांतच माझे पाय सरळ पडायला लागले. सगळं कार्यालय हसत होतं. मला लाज वाटायला हवी होती, पण मीच सगळ्यात जास्त हसत होतो.

निघताना मॅडम म्हणाल्या, "देखो, पुल पुराना है, ये तो सब कहते हैं. वो किसी के काम का है, ये लिख के लाओ. इतिहास वाले हो ना तुम?"

मी इतिहासवाला होतो. मी कामाला लागलो.

पहिल्यांदा मोठेबाबांकडे गेलो. ते म्हणाले, पूल विलायतेहून अख्खा आला, जहाजावर उभा, नर्मदेतून उलटा वर.

"मग भेडाघाटचा धबधबा कसा चढला?"

"उचलून घेतला."

"जहाज?"

"पूलबी. माणसं दमदार होती तेव्हा. तुमच्यासारखे मोबाईल पाहून राहिले नव्हते."

शेजारच्या आजी म्हणाल्या, सगळं खोटं, पूल हत्तींनी बांधला. त्यांच्या सासऱ्यांनी हत्तीला गूळ दिला होता. तिसऱ्या घरी कळलं की शेवटचा रिव्हेट त्यांच्या पणजोबांनी ठोकला. चौथ्या घरीही हेच कळलं. पुलाचा शेवटचा रिव्हेट ठोकला नाही असा पणजोबा मला वस्तीत सापडला नाही. कॉलेजच्या लायब्ररीत बघितलं, काही मिळालं नाही. शेवटी मी फाटकावरून चढून पहिल्या खांबावरची ओतीव पट्टी खरवडली. वर चांदीसारखा रंग, त्याखाली हिरवा, त्याखाली करडा, त्याखाली तांबडा. माझ्या घराण्यातल्या माणसांनी एकावर एक दिलेले. सगळ्यांच्या तळाशी बनवणाऱ्याचं नाव आणि साल असायला हवं होतं. तिथे गंज होता. नावाची दोन अक्षरं उरली होती आणि सालातला एकही आकडा नव्हता. मी तिथेच बसलो. बोटांना चारही रंग लागले होते. इतिहास मिळाला नाही याचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण हत्ती आणि जहाज आठवून मी एकटाच पुलावर हसत राहिलो.

मग मी जसं होतं तसं हिंदीत लिहिलं. साल माहीत नाही, बनवणारा माहीत नाही. पण या पुलावरून कोणाकोणाच्या बराती आल्या, कोणाच्या परत गेल्या, आत्या काय ओरडली, आईला कसं टेकवून आणलं, हे सगळं. ताईचंही लिहिलं. नवरदेव नाल्यातून, बूट हातात घेऊन कसा आला तेही लिहून गेलो. ते इतिहासात बसत नाही हे नंतर लक्षात आलं, पण तोवर देऊन झालं होतं.

मॅडमनी ते उभ्या-उभ्याच वाचलं. मग कागद फायलीत लावले. त्याच आठवड्यात हेल्मेट घालून पूल तपासायला आल्या. मी आणि मोठेबाबा फाटकाबाहेर उभे. त्यांच्याबरोबरचा माणूस हातोडीने रिव्हेट वाजवत चालला होता. मोठ्या गाळ्यांवर आवाज यायचा भद्द, फुटक्या मडक्यासारखा. परत येताना छोट्या गाळ्यावर हातोडी पडली आणि टणण असा आवाज सगळ्या पट्ट्यांमधून फिरला.

"ये छोटा वाला तो अभी जवान है," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "वो लड़का कौन से गाँव का है? नाले वाला?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"अच्छा."

"मैडम जी, और ताला?"

"बीच का हिस्सा बहुत खराब है. देखते हैं. खबर करेंगे."

त्यानंतर खबर आली नाही. मी फोन करायचो, कोणीतरी सांगायचं मॅडम साइटवर आहेत. ताई रोज दवाखान्यातून आल्यावर चप्पल काढायच्या आधी विचारायची, "आला का निरोप?" मी मान हलवायचो. मग तिने विचारणं बंद केलं आणि आल्यावर नुसती माझ्याकडे बघायला लागली. ते जास्त कठीण होतं.

लग्नाच्या सकाळपर्यंत कुलूप तसंच होतं.

बरात पलीकडच्या काठावर आली. धुमालचा आवाज येत होता. आम्ही सगळे अलीकडे उभे. विहारात भंतेजी वाट बघत होते. जुन्या पुलाला फाटक, आणि शेजारी सिमेंटचा रुंद पूल, त्यावर ट्रक, ट्रॅक्टर, पाटनची बस. मोठेबाबा झेंड्या काखेत धरून जुन्या फाटकाशी पाठ करून उभे होते. बाबा म्हणाले, "चला, येऊ द्या त्यायले सिमेंटवरून. उशीर होऊन राहिला."

तेव्हा मोठेबाबा वळले. नव्या पुलाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी लाल झेंडी वर केली. बस थांबली. ट्रक थांबले. पलीकडे धुमाल बंद पडलं.

"पूल म्हणजे पूल," मोठेबाबा ओरडले. "लोखंडाचा काय, सिमेंटचा काय. कदम मोडून या!"

मग त्यांनी हिरवी दाखवली, आणि सिमेंटच्या त्या मजबूत पुलावर, जो रणगाड्यानेही हलला नसता, बरात वाकडी-तिकडी चालत यायला लागली. नवरदेव सगळ्यांत पुढे. कोणीतरी त्याला शिकवलं होतं वाटतं, तो एक पाऊल लांब, एक आखूड, मध्येच एक बाजूला, असा इमानदारीने येत होता. आमच्याकडच्यांनी टाळ्या सुरू केल्या. जमेना. ट्रकवाले उतरून बघायला लागले. एका सरदारजींनी विचारलं, "इनको हुआ क्या है?" मी म्हटलं, "शादी." ते म्हणाले, "हाँ, हो जाता है," आणि टाळ्या वाजवायला लागले.

आणि मग मला ती ओळखीची टाळी ऐकू आली. वेडीवाकडी, मदत करणारी. मी मागे बघितलं. नवरीने विहारात बसायचं असतं. ताई पांढऱ्या साडीत, केसांत मोगरा, रस्त्यावर येऊन उभी होती. आईने डोक्याला हात लावला. ताईने एकेक टाळी सरळ करत नेली. नवरदेवाने तिला बघितलं, आणि त्याचा पाय त्याचा राहिला नाही. तो सरळ पडला. मागच्याचा पडला. त्याच्या मागच्यांचे पडले. बघता-बघता अख्खी बरात परेडसारखी ताईकडे चालत येत होती आणि कोणालाच कळत नव्हतं.

लाल झेंडी!

"वापस! वापस!" सगळी वस्ती नाचत होती. नवरदेव परत जाता-जाता ओरडला, "हे बेईमानी आहे! नवरीनं टाळी वाजवायची नसते!"

"पाटीवर कुठं लिहिलं आहे?" ताई ओरडली.

दुसऱ्या खेपेला बसच्या ड्रायव्हरने ठेक्यात हॉर्न वाजवला आणि पुन्हा लाल झेंडी झाली. तिसऱ्या खेपेला नवरदेव डोळे मिटून आला, रेलिंगला धडकला, आणि मोठेबाबांनी त्याला दया म्हणून हिरवी दिली. ताई इतकी हसली की मोगरा खांद्यावर आला. आईने तो नीट केला. तेव्हा मी बघितलं, ताईने मान वळवून शेजारच्या जुन्या पुलाकडे एकदा बघितलं. एकदाच. मग ती आत गेली आणि त्रिशरण सुरू झालं.

पुढे क्रेन आल्या. गॅसने कापायचा फुसफुस आवाज दिवसभर यायचा. कॉलेजच्या बसमध्ये मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसायला लागलो. माझ्या अर्जाचं काय झालं हे विचारायचा आता काही उपयोग नव्हता. मोठेबाबांनी झेंड्या पेटीत ठेवल्या. एक दिवस घरी आलो तर मोठ्या गाळ्यांचे तुकडे काठावर पडलेले होते आणि छोटा गाळा जागेवर नव्हताच. तुकड्यांतही नव्हता. मला वाटलं, छोटा म्हणून आधी भंगारात गेला असेल.

दोन-तीन दिवसांनी मी लायब्ररीत बसलो होतो. फोन थरथरला. ताईचा. मी दबक्या आवाजात हॅलो म्हणत व्हरांड्यात आलो. पलीकडे इतका गोंधळ होता की आधी काही कळेना. इंजिनाचा आवाज, माणसं ओरडत होती, आणि भाऊजी कोणालातरी सांगत होते, "थोडा बायीं तरफ! बायीं!"

"अबे, ऐकून राहिला का?" ताई ओरडत होती. "आपला पूल आला! छोटावाला! ट्रेलरवर बसून! नाल्यावर ठेवून राहिले त्याले. तुझी ती मैडम आली आहे इथं, ते म्हणते तुझ्या भावानं लिहिलं होतं. मले आता दवाखान्यात चप्पल घालून जाता येईल! मोठेबाबाले फोन दे नाहीतर तूच सांग त्यायले, उद्या सकाळच्या बसनं या म्हणा. अन् लाल झेंडी आठवणीनं आणा. इथं लग्नं खूप होतात!"